वरवरचे

सत्तावीस वर्षे आम्ही वाशीम जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकविले. त्या काळात निबंधाच्या वह्यांवर लाल शाईने सर्वाधिक वेळा कोणता शेरा मारला असेल, असे कुणी विचारले तर आम्हांस आठवावे लागणार नाही. 'वरवरचे' हा तो शेरा. तो लिहायला सोपा होता, त्यावर विद्यार्थ्याला प्रतिवाद करता येत नसे, आणि तो लिहिताना आपण स्वतः फार खोल पाण्यात उभे आहोत असे वाटे. आपल्याकडची समीक्षेची परिभाषाही या शेऱ्याच्या बाजूने उभी आहे. गाभा, अंतरंग, आशय, सखोल हे शब्द गौरवाचे. कवच, बाह्यांग, उथळ हे शब्द कमीपणाचे. जे आत आहे ते खरे आणि जे वर आहे ते दिखाऊ, ही विभागणी इतकी अंगवळणी पडलेली असते की तीही एक भूमिकाच आहे, हे लक्षात येत नाही.

ही भूमिका आमच्या हातून कशी निसटली, आणि त्याला बिस्मथ, अँटिमनी व टेल्यूरियम ही तीन मूलद्रव्ये कशी कारण झाली, ते येथे सांगावयाचे आहे. आम्ही भौतिकशास्त्राचे जाणकार नव्हे. जे सांगणार आहोत ते एका जुन्या विद्यार्थिनीने आमच्या ओसरीवर बसून समजावून दिलेले, आणि नंतर आम्ही जमेल तितके वाचून ताडून पाहिलेले आहे.

ही विद्यार्थिनी मानोरा तालुक्यातील एका खेड्यातली. २००६ च्या सुमारास ती अकरावी विज्ञानाच्या वर्गात होती. आता एका दूरच्या शहरात, प्रयोगशाळेत स्फटिक वाढविण्याचे काम करते. गेल्या दिवाळीत ती भेटायला आली तेव्हा आमच्या सौ. अडगळीची खोली आवरीत होत्या आणि ओसरीवर एक निळी प्लास्टिकची पेटी येऊन पडली होती. आईचे इन्सुलिन ठेवण्यासाठी ती आम्ही घेतली होती. भारनियमनाच्या त्या वर्षांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. फ्रिज असून नसल्यासारखा. ही पेटी मोटारीच्या बॅटरीवर चाले. तिच्यात कॉम्प्रेसर नाही, वायू नाही, एका लहानशा पंख्याखेरीज हलणारे काही नाही. पुढे आई गेली, पेटीही बंद पडली, आणि ती टाकून देणे आमच्याने झाले नाही.

पोरीने स्क्रूड्रायव्हर मागितला. पेटीच्या पाठीतून तिने पांढऱ्या सिरॅमिकची एक चौकोनी वडी काढली, चार सेंटिमीटर लांब-रुंद. कडेने पाहिले तर दोन पातळ पट्ट्यांच्या मध्ये करड्या रंगाचे बारीक ठोकळे ओळीने उभे होते. अशा वडीत बहुधा ठोकळ्यांच्या १२७ जोड्या असतात, असे तिने सांगितले. वीज वाहू लागली की वडीची एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. मग तो ठोकळ्यांचा चुरा तळहातावर घेऊन ती म्हणाली, "सर, मी ज्याच्यावर काम करते ते तुमच्या घरी वीस वर्षांपासून पडलेलं आहे."

त्या ठोकळ्यांचा पदार्थ म्हणजे बिस्मथ टेल्यूराइड. १९५४ साली इंग्लंडात गोल्डस्मिड व डग्लस या दोघांनी त्याचा शीतकरणासाठी उपयोग दाखविला, आणि तेव्हापासून तो कारखान्यांत राबतो आहे. त्याचा गुण वाढविण्यासाठी त्यातील काही बिस्मथच्या जागी अँटिमनी घालतात, काही टेल्यूरियमच्या जागी सेलेनियम. एका जातीचा ठोकळा असा, दुसऱ्या जातीचा तसा. ही सारी अदलाबदल ठोकळ्याच्या आतल्या भागासाठी असते. वीज आतून वाहावी, उष्णता मात्र आतून सहज जाऊ नये, यासाठी ती खटपट. पृष्ठाचा विचार कुणी फारसा केला नव्हता. पृष्ठ म्हणजे जिथे डाक लावायचा ती जागा.

पन्नास वर्षे असे चालले. मग २००५ ते २००७ या काळात काही सिद्धान्तवाद्यांनी कागदावर असे दाखविले की काही पदार्थ आतून विद्युत्‌रोधक असूनही त्यांचे पृष्ठ किंवा त्यांची कड वीज वाहिल्याखेरीज राहूच शकत नाही. फू आणि केन यांनी २००७ साली बिस्मथ-अँटिमनीच्या मिश्रणाचे नाव घेतले. २००८ साली प्रिन्स्टन येथे, ढाक्यात जन्मलेल्या झाहिद हसन यांच्या गटाने ते प्रत्यक्ष पाहिले. २००९ मध्ये बिस्मथ सेलेनाइड आणि आमच्या पेटीतला बिस्मथ टेल्यूराइड हेही त्याच कुळातले निघाले. या विचाराची पाळेमुळे ज्यांच्या कामात आहेत त्या थाउलेस, हॉल्डेन व कॉस्टरलिट्झ यांना २०१६ चे नोबेल मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्येही या कुळातील स्फटिकांवर काम झालेले आहे.

पृष्ठ वीज का वाहते, हा प्रश्न आम्ही विचारला. उत्तरादाखल तिने फराळाच्या ताटातला लाडू उचलला आणि सौ.च्या हातातल्या बांगडीकडे बोट केले. लाडू दाबून चपटा करा, लांब करा, त्याची वडी करा. जोवर त्याला आरपार भोक पाडीत नाही तोवर त्याची बांगडी होत नाही. बांगडीला एक भोक, लाडवाला शून्य. मधली संख्या नाही. पदार्थांतील इलेक्ट्रॉनांच्या रचनेलाही अशी एक न-तुटणारी खूण असते. बिस्मथसारख्या जड अणूत इलेक्ट्रॉनाची गती आणि त्याची फिरकी यांचा संबंध इतका घट्ट असतो की ऊर्जेच्या पट्ट्यांचा क्रम उलटतो, आणि आतली रचना 'बांगडी'ची होते. बाहेरची पोकळी मात्र 'लाडू'च. या दोहोंची सीमा जिथे येते तिथे खूण बदलावीच लागते. आणि ती बदलायची तर मधली ऊर्जेची दरी मिटावी लागते. दरी मिटली की वीज वाहते. ती सीमा म्हणजेच पृष्ठ. ते खरवडून काढले तर खाली नवे पृष्ठ येते आणि तेही तसेच वाहते. आतला स्वभाव जोवर तोच आहे तोवर त्या पृष्ठाला मरण नाही.

आम्ही काही वेळ गप्प राहिलो. आमच्या शेऱ्याचा आधारच येथे डळमळत होता. हे पृष्ठ वरवरचे नव्हते. ते आतल्या स्वभावाचे अटळ फळ होते, आणि तो स्वभाव दिसण्याची जागाही तीच होती.

परंतु खरी अडचण पुढेच होती. आत विद्युत्‌रोधक असावयास हवा तो स्फटिक प्रत्यक्षात तसा नसतो. बिस्मथ सेलेनाइडमधून सेलेनियमचे काही अणू निसटतात आणि त्यांच्या रिकाम्या जागा मोकळे इलेक्ट्रॉन सोडतात. टेल्यूराइडमध्ये अणू एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. परिणाम एकच: आतला भाग वाहू लागतो आणि पृष्ठाचा प्रवाह त्यात बुडून जातो. "आतलेच इतका गलका करतात," ती म्हणाली, "की वरचं ऐकूच येत नाही." मग उपाय काय? पुन्हा तीच अदलाबदल, पण उलट हेतूने. २००९ साली बिस्मथ सेलेनाइडमध्ये बिस्मथच्या हजार अणूंतील जेमतेम एखाद-दुसऱ्याच्या जागी कॅल्शियम घालून आतले जादा इलेक्ट्रॉन आवरले गेले. २०११ साली टेल्यूराइडच्या पातळ थरांत बिस्मथच्या जागी क्रमाक्रमाने अँटिमनी घालीत नेले, तेव्हा आधी इतर पट्ट्यांखाली गाडला गेलेला पृष्ठाचा मध्यबिंदू हळूहळू वर येऊन मोकळा झाला. आणि अँटिमनीचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेल्यावर आतला गलका जवळपास थांबला. कारखान्यांत पन्नास वर्षे जी अदलाबदल आतल्याला बोलते करण्यासाठी होत होती, तीच आता त्याला गप्प बसविण्यासाठी होऊ लागली. मूलद्रव्ये तीच होती.

ही सारी पार्श्वभूमी तिने सांगितली ती कामासाठी. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिच्या गावच्या शाळेने तिला भाषणास बोलाविले होते. भाषण मराठीत करायचे आणि एका अणूच्या जागी दुसरा घालण्याच्या क्रियेला शब्द हवा होता. 'भेसळ' म्हटले तर दुधात पाणी आठवते. 'अपमिश्रण' म्हटले तर मुले झोपतात. मराठीचा मास्तर म्हणून ती आमच्याकडे आली होती.

आम्हांस वाटले, शब्द आपल्या घरचाच आहे. पाणिनीच्या व्याकरणात एकाच्या जागी दुसरे येते त्यास 'आदेश' म्हणतात आणि ज्याच्या जागी येते तो 'स्थानी'. 'अस्' या धातूच्या जागी विशिष्ट ठिकाणी 'भू' येतो. आणि तो धातूच्या जागी आला म्हणून धातूच मानला जातो. आदेशाला स्थानीसारखेच वागवावे, असा तेथे नियमच आहे. आम्ही उत्साहाने हे सांगितले. ती लक्षपूर्वक ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे अँटिमनी. बिस्मथच्याच घराण्यातला, बाहेरच्या कक्षेत तेवढेच पाच इलेक्ट्रॉन. जागेवर बसला की स्फटिक त्याला बिस्मथच समजतो." मग थोडे थांबून तिने विचारले, "पण सर, नेहमीच सारखा वागतो का तो? अपवाद नाही?"

अपवाद होता. तो आम्हांस पाठ होता, आणि आजवर आम्ही तो केवळ परीक्षेपुरता शिकलो होतो. जे कार्य प्रत्यक्ष वर्णावर, म्हणजे त्या ध्वनीवरच अवलंबून असते, तेथे आदेश स्थानीसारखा मानीत नाहीत. नाते, पद, अधिकार हे सारे वारसाने मिळते. पण ध्वनीचे काम ज्याच्या त्याच्याच ध्वनीने व्हावे लागते.

"आमच्याकडेही तेच," ती म्हणाली. बिस्मथचा अणुभार २०९, अँटिमनीचा १२२. इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा प्रश्न असेल तर दोघे सारखे. पण गती आणि फिरकीचा घट्ट संबंध अणूच्या जडपणातून येतो, तिथे दोघे सारखे नाहीत. म्हणून प्रत्येक बदलाला मर्यादा असते. थॅलियम, बिस्मथ व सेलेनियम यांच्या एका संयुगात सेलेनियमच्या जागी हलके गंधक घालीत गेले, तर निम्म्याच्या आसपास एक क्षण असा येतो की आतल्या पट्ट्यांचा उलटा क्रम सुलटा होतो. बांगडीचा लाडू होतो. स्फटिक दिसायला तसाच, चमक तशीच. पण पृष्ठावरचा तो प्रवाह नाहीसा झालेला असतो. हे २०११ साली दोन गटांनी पाहिले.

यावर बोलणे संपले असते. पण आम्हीच विचारले, "तू लिहायचीस बरे. मराठीत लिहिणे का सोडलेस?" ती हसली. मग तिने आपल्या अकरावीच्या निबंधातले एक वाक्य म्हणून दाखविले. विषय होता 'माझे गाव'. तिने लिहिले होते: "बाप म्हने, इहीर आटली नाई, इहीर थकली." आम्ही ते दुरुस्त केले होते: "वडील म्हणाले, विहीर आटली नव्हती, ती थकली होती." अशा बावीस दुरुस्त्या होत्या, तिने मोजल्या होत्या. 'काहून'चे 'का', 'मले'चे 'मला', 'वावरा'चे 'शेत'. आणि निबंधाखाली आमचा शेरा: 'वरवरचे'.

आम्हांस त्यातले काहीच आठवत नव्हते. तिला सारे आठवत होते, आणि तिच्या स्वरात राग नव्हता. "त्यानंतर मराठीत काही लिहिलंच नाही, सर. हे भाषण पहिलंच."

आमच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणून पाहतो. परीक्षेत प्रमाण मराठी लागते; बोलीत लिहिलेल्या उत्तराला गुण मिळत नसत; शिक्षकाने ते सांगितले नसते तर तो अपराध ठरला असता. हे खरे आहे, आणि तिनेही ते मान्य केले. अदलाबदल हे पाप नव्हे. अदलाबदलीशिवाय तो स्फटिक बोलूच शकला नसता, हे तर तिचेच शास्त्र सांगते. आमची चूक निराळी होती. प्रत्येक बदल अर्थ राखतो एवढेच आम्ही पाहिले. आदेश स्थानीसारखा आहे ना, मग झाले. परंतु त्या वाक्यातले काम अर्थाचे नव्हतेच, ते ध्वनीचे होते. 'म्हने' हा तिथे भूतकाळ नव्हता; बाप ते पुनःपुन्हा म्हणे, रोज संध्याकाळी, विहिरीच्या काठावर उभा राहून. 'म्हणाले' म्हणताच तो एकदाच म्हणाला आणि घरात निघून गेला. 'आटली नाई, थकली' यातली ठेच 'नव्हती' आणि 'होती' यांनी गुळगुळीत केली. बावीस बदलांपैकी कितव्या बदलाला तो निबंध तिचा राहिला नाही, ते आज सांगता येणार नाही. पण बाविसाव्यानंतर जे उरले त्याला आम्ही 'वरवरचे' म्हटले, आणि ते तोवर खरोखरच वरवरचे झालेले होते. ते तसे आम्ही केले होते.

शास्त्रातले दृष्टान्त वाङ्मयात ओढून आणण्याची खोड वाईट, हे आम्हांस ठाऊक आहे. स्फटिकाला बोली नसते आणि निबंधाला ऊर्जेची दरी नसते. भौतिकशास्त्राने येथे काही सिद्ध केले असे आम्ही म्हणत नाही. त्याने एवढेच केले की जी गोष्ट आमच्याच शास्त्रात आधीपासून होती, ती आम्हांस दाखविली. वामनाने रीतीला, म्हणजे पदांच्या विशिष्ट रचनेला, काव्याचा आत्मा म्हटले, तेव्हा पुढच्या आलंकारिकांनी त्याला शरीर आणि आत्मा यांत गल्लत करणारा ठरविले. आम्हीही वर्गात तसेच शिकविले. आता वाटते, त्याला कदाचित एवढेच म्हणावयाचे असेल की आतल्याचा स्वभाव रचनेतच दिसतो आणि अन्यत्र कुठे तो दाखविता येत नाही.

आणि हे आम्हांस वाशिमात बसून कळू नये, हे अधिकच लाजिरवाणे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले ते विदर्भातल्या याच नगरात. आणि वैदर्भी रीतीला प्राकृतात 'वच्छोमी' म्हटले गेले ते याच नगराच्या नावावरून. एखाद्या गावाचे नाव काव्याच्या आशयाला नव्हे, त्याच्या रीतीला मिळावे, हा मान फार थोड्या गावांना लाभला असेल. इथल्याच राजा सर्वसेनाने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचले. आनंदवर्धनाने त्याचा उल्लेख केला आहे. काव्य आज उपलब्ध नाही. इतरांनी उदाहरणादाखल जे वेचे घेतले तेवढेच उरले आहेत.

तिच्या निबंधाचेही तसेच. वही केव्हाच रद्दीत गेली. आम्ही तिला म्हटले, "तो निबंध पुन्हा लिही ना, तसाच." ती म्हणाली, "आता तसा नाही यायचा, सर. आता मीच तशी बोलत नाही. घरी गेल्यावरसुद्धा मायला वाटते, पोरगी पुस्तकातलं बोलून राह्यली." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आदेश एकदा झाला की स्थानी परत येत नाही. तो तिथे होता, एवढे नियमांना आठवते.

असो. जानेवारीत तिने भाषणाचा मसुदा तपासण्यासाठी पाठविला. आमचा 'आदेश' तिने घेतला नव्हता. त्याऐवजी 'बदली अणू' असा शब्द होता. खाली टीप होती: "पोरांना बदली मास्तर माहीत असतात." शब्द आमच्यापेक्षा चांगला होता, हे निमूटपणे मान्य करावे लागले. भाषणात स्फटिक कसे करतात ते होते: धातू काटेकोर तोलून क्वार्ट्झच्या नळीत घालायचे, हवा काढून नळी वितळवून बंद करायची, भट्टीत ठेवून दिवसेंदिवस हळूहळू निववायची, मग जे चंदेरी खडे निघतात ते अभ्रकासारखे पापुद्र्यापापुद्र्याने सुटतात, साध्या चिकटपट्टीनेसुद्धा. लाडू आणि बांगडी होती. आईच्या इन्सुलिनची पेटीही होती, नाव न घेता. आणि शेवटाकडे एक वाक्य होते: "आतलं गप बसलं तवाच वरचं आयकू येते."

दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते आणि 'टेल्यूरियम' एकदा निराळे पडले होते. तेवढे दुरुस्त करून, ते वाक्य जसे होते तसे ठेवून, मसुदा त्याच दिवशी परत पाठविला.